दाणे थांबवा, पारवे आवरतील

मा. मुख्य आयुक्त,
ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण, बेंगळुरू



मी जयनगरात राहते. हे पत्र कन्नडमध्ये आपल्या कार्यालयात रीतसर दिलं आहे. तेच इथे मराठीत जाहीर करते आहे, कारण बेंगळुरूत मराठी घरं कमी नाहीत, आणि आज आपल्या शहरापुढे जो प्रश्न उभा आहे तो मुंबईने २०२५ मध्ये रस्त्यावर आणि न्यायालयात, दोन्हीकडे अनुभवला आहे. प्रश्न पारव्यांचा आहे. मागणी साधी आहे: सार्वजनिक जागी पोत्यांनी दाणे टाकणं थांबवा. आणि ते थांबवण्याचं काम शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणावर न सोपवता आपण स्वतःकडे घ्या.

जयनगर १९४८ साली वसवायला घेतलं. रुंद रस्ते, आखून दिलेले ब्लॉक, प्रत्येक घराला पुढे अंगण आणि मागे परस. परसात नारळ, कढीपत्ता, पारिजातक, एखादा शेवगा. आमच्या मागच्या बाजूला अजून ही झाडं आहेत, आणि बुलबुल, दयाळ, शिंजीर, तांबट हे त्यांवरचे नेहमीचे रहिवासी. पण गेल्या काही वर्षांत आजूबाजूची जुनी घरं एकेक करून पडली. त्यांच्या जागी खाली गाड्या आणि वर चार मजले अशा इमारती आल्या. त्या इमारतींबरोबर पारवे आले.

हे समजून घेणं फार गरजेचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पारवा हा मूळचा कड्याकपारीतला पक्षी. झाडावर तो घरटं करत नाही. त्याला लागतो दगडाचा अरुंद कट्टा, वर आडोसा आणि खाली मोकळी उडी. आपण बांधतो त्या प्रत्येक इमारतीत नेमकं हेच असतं. बाथरूमच्या खिडक्या उघडतात तो डक्ट, एसीचं यंत्र ठेवायचा सज्जा, लिफ्टच्या खोलीचं छत, आणि बेंगळुरूच्या जवळजवळ प्रत्येक गच्चीवर असलेला सोलर हीटर. जयनगरची झाडं पारव्याच्या कामाची नाहीत. त्याला आमची काँक्रीटची बांधकामं हवी असतात.

आमच्या गच्चीवरच्या सोलर हीटरच्या तिरप्या पॅनेलखाली एक घरटं होतं. घरटं म्हणायचं ते नावाला. नारळाच्या झावळीचे सात-आठ हीर, केरसुणीच्या काड्या, वायर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवून ठेवलं होतं वाळलेल्या विष्ठेनं. त्यात दोन पांढरी अंडी. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर आली. डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळट लव, चोच शरीराच्या मानाने भलतीच मोठी. महिन्याभरात ती उडाली. तोवर त्याच पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला त्याच जोडीनं पुन्हा दोन अंडी घातली होती.

इतर बहुतेक पक्ष्यांना पिल्लं वाढवायला किडे-अळ्यांचा हंगाम यावा लागतो. पारव्याला त्याची गरज नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा एक दाट पदार्थ तयार होतो आणि पिल्लं सुरुवातीचे दिवस त्यावरच वाढतात. त्यामुळे दाणा मिळत राहिला की विणीला हंगाम लागत नाही. बेंगळुरूची हवा बारा महिने सौम्य. एक जोडी वर्षात पाच-सहा वेळा अंडी घालू शकते. एरवी पारव्याचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. ते चौकात आयतं मिळालं की तोच वेळ तो वीण वाढवण्यात घालवतो. शहरात पारवे किती राहतील हे शेवटी शहरात दाणा किती पडतो यावर ठरतं. माझ्या सगळ्या पत्राचा आधार हा आहे.

आता परसदारी काय करता येतं ते पाहा. घरोघरी हे सगळं चाललेलं आहे. जुन्या सीडी टांगतात, प्लॅस्टिकचं घुबड बसवतात. चार दिवसांत पारवा त्या घुबडाच्या डोक्यावर बसतो. सज्ज्यावर काटे लावतात, तर काट्यांमध्ये काड्या अडकवून घरटं आणखी पक्कं होतं. मग येते पिजन नेट. नेट नीट लावली तर काम करते. भोकं ५० मिलिमीटरची, दोरा जाड आणि चारी बाजूंनी ताणून पक्की केलेली, अशी हवी. प्रत्यक्षात लावतात ती स्वस्त, बारीक, पारदर्शक नायलॉनची. वर्षभरात ती सैल पडते, आणि मग तिच्यात पारव्याऐवजी बुलबुल अडकतो, खार अडकते, कधी घारीचा पंख गुंततो. आमच्याच रस्त्यावर अशा सैल जाळीत एक दयाळ अडकून मेला होता. घरमालक परगावी होते, शिडी लावून वर जाईपर्यंत उशीर झाला.

आणि जाळी कितीही उत्तम लावली तरी पारवा शहरातून जात नाही, शेजारच्या सज्ज्यावर जातो. मी लावली की डावीकडच्या घराला त्रास, त्यांनी लावली की समोरच्याला. खर्च प्रत्येकाचा, संख्या मात्र तेवढीच. परसदारातून हा प्रश्न सुटणं शक्य नाही, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

आता दाण्यांविषयी. सकाळी सातच्या सुमाराला आमच्या भागातल्या एका चौकात मोटारी येऊन थांबतात. डिकीतून पोती निघतात. मका, ज्वारी, तांदूळ, कधी नाचणी. पोतं रस्त्याच्या कडेला उपडं होतं आणि चारी बाजूंच्या इमारतींवरून पारवे उतरतात. मोटार निघून जाते. पाच-दहा मिनिटांनी कुठली तरी स्कूटर भोंगा वाजवते आणि सगळा थवा एकदम उठतो. त्या क्षणी उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं तर हवेत तरंगणारी बारीक पांढरी पूड स्पष्ट दिसते. ती पिसांची पूड असते. शेजारी उभ्या केलेल्या गाड्यांच्या काळ्या सीटवर ती बोटाने ओढता येईल इतकी साठते. उरलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर आणि घुशी येतात.

आणि नऊ वाजता तिथे पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, येतात. हातात लांब दांड्याचा झाडू, तोंडावर फार तर साडीचा पदर. कोरडी विष्ठा, सडलेला मका आणि पिसं त्या झाडून गोळा करतात. एक पारवा वर्षाला दहा-बारा किलो विष्ठा टाकतो, असा जाणकारांचा अंदाज आहे. चौकात शेकड्यांनी पारवे उतरत असतील तर त्या बाई रोज काय झाडतात आणि श्वासाबरोबर काय आत घेतात, हे आपणच पाहा. दाणे टाकणाऱ्याला पुण्य मिळत असेल, पण त्याची किंमत आपल्याच सेवेतली, सर्वांत कमी पगाराची बाई फुप्फुसांनी चुकवते आहे. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

या धुळीने होणारा आजार मनाचा खेळ नाही. विष्ठेतली आणि पिसांच्या पुडीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली की काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. सुरुवातीला नुसता कोरडा खोकला, जिना चढताना दम. वेळीच कारण सापडलं आणि संपर्क तुटला तर माणूस सावरतो. नाही सापडलं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात आणि काहींना घरात ऑक्सिजन लावून राहावं लागतं. फुप्फुसांच्या अशा आजारांची देशातली एक मोठी नोंदणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी १,०८४ रुग्ण नोंदवले होते आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांना हाच आजार होता. न्यायाने सांगायचं तर त्यांच्या घरात सर्वांत जास्त आढळलेलं कारण एअर कूलर होतं, पारवे नव्हेत. पण पक्ष्यांशी संपर्क हे कारणही त्यात ठळकपणे होतं. याशिवाय वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोचू शकते. आमच्या जयनगरात निवृत्तांची घरं पुष्कळ. केमोथेरपी घेणारे, मधुमेहाचे, दम्याचे रुग्ण प्रत्येक रस्त्यावर आहेत.

राज्याच्या आरोग्य विभागानेही २०२५ च्या अखेरीस नगरविकास विभागाला सार्वजनिक ठिकाणी दाणे टाकण्यावर निर्बंध आणण्याविषयी कळवलं. म्हणजे धोका सरकारला मान्य आहे. प्रश्न अंमलाचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बीबीएमपी, म्हणजे बेंगळुरूची एकच महानगरपालिका, जाऊन आपल्या प्राधिकरणाखाली पाच महापालिका आल्या. पारवा एका महापालिकेत दाणे खातो, दुसरीत घरटं करतो. पाचांनी पाच नियम केले तर दाण्यांची पोती फक्त हद्द ओलांडतील. नियम प्राधिकरणानेच करायला हवा आणि तो सगळीकडे सारखा हवा.

जे दाणे टाकतात त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही, हे इथे मुद्दाम लिहिते. आमच्या शेजारी एक वयस्क अम्मा राहतात. यजमान गेल्यापासून रोज सकाळी अंघोळ करून, ओल्या केसांनीच त्या गच्चीवर जातात आणि मूठभर तांदूळ कठड्यावर ठेवतात. मी त्यांच्याजवळ विषय काढला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मग माझ्या हातून रोजचं दान कोणतं होणार?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्याकडे जेवायच्या आधी कावळ्याला घास काढतात, गाईला पोळी देतात, मुंग्यांना साखर घालतात. जैन कुटुंबांत जीवदया हा धर्माचा गाभाच आहे. मुक्या जिवाला खाऊ घालावं ही भावना गेली तर आपण गरीब होऊ.

पण दया करायची तर त्या जिवाचं काय होतं हेही पाहायला हवं. चौकात गर्दीने उतरणाऱ्या पारव्यांकडे जवळून बघा. कुणाच्या पायाला दोरा गुंडाळून बोटं झडलेली, कुणाचा डोळा सुजून बंद, कुणाच्या मानेवरची पिसं गेलेली. दाटीने राहिलेल्या थव्यात रोग आणि उवा झपाट्याने पसरतात, आणि भुकेपोटी खाली उतरलेली पिल्लं चाकांखाली जातात. अम्मांना मी एवढंच सांगितलं की मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, ते सगळ्या पाखरांना लागतं. आणि तांदूळ जिथे माणसाच्या पोटात जाईल तिथे द्या. त्यांनी लगेच होकार दिला नाही. अजून विचार करत आहेत. जन्मभराची सवय नोटिशीने सुटत नाही, समजावूनच सुटते. पोत्यांचं मात्र तसं नाही. रस्त्यावर पोतं रिकामं करणं ही सार्वजनिक जागेत घाण करण्याची गोष्ट आहे आणि तिला नियमच हवा.

दाणे कमी करून पारवे आवरण्याचा प्रयोग स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने करून दाखवला आहे. तिथे सुमारे २०,००० पारवे होते. १९६१ ते १९८५ या काळात पालिकेने सापळे लावून आणि गोळ्या घालून जवळजवळ एक लाख पारवे मारले. संख्या होती तिथेच राहिली, कारण अन्न होतं तेवढंच होतं. मेलेल्यांची जागा नव्या पिल्लांनी भरून काढली. मग १९८८ पासून धोरण बदललं. दाणे टाकल्याने पारव्यांचेच हाल कसे होतात हे छायाचित्रांसह लोकांना दाखवलं, दाणे कमी करायला लावले, आणि काही ठरावीक ठिकाणी खुराडी बांधून तिथली अंडी काढून घ्यायला सुरुवात केली. साधारण चार वर्षांत पारवे निम्म्यावर आले. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातही २००१ मध्ये दाणे विकणाऱ्याचा परवाना गेला, २००३ मध्ये दाणे टाकायला बंदी आली, आणि हजारोंचे थवे ओसरले.

मुंबईची कहाणी मात्र आपण वेगळ्या कारणासाठी अभ्यासावी. दादरचा कबुतरखाना १९३३ चा, वारसा यादीतला. मुंबईत असे ५१ कबुतरखाने असल्याचं जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत सांगण्यात आलं आणि ते बंद करायचं ठरलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचे आदेश निघाले. पालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे पालिकेने वस्तीपासून दूरच्या चार जागी सकाळी ७ ते ९ या वेळेत तात्पुरती मुभा दिली. आरोग्याचा मुद्दा योग्यच होता. पण नव्वद वर्षांची रीत एका रात्रीत ताडपत्रीखाली घालायची वेळ आली, तेव्हा प्रश्नाला धर्माचा, जातीचा, भाषेचा रंग चढला, आणि फुप्फुसांचं बोलणं मागे पडलं.

जयनगरात अजून घुमट बांधलेला कबुतरखाना नाही. पोती आहेत, मोटारी आहेत, पण त्या चौकाला अजून कुणाच्या भावनेचं नाव जोडलेलं नाही. म्हणून आत्ताची वेळ सोपी आहे. दहा वर्षांनी ती सोपी राहणार नाही.

काय करावं ते माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. आधी दोन-तीन महिने शहरभर सांगा: शाळांत, देवळांत, जैन बसदींत, अपार्टमेंटच्या संघटनांत. कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती अशा सगळ्या भाषांत फलक लावा. धर्मगुरूंना सोबत घ्या. त्यांच्या तोंडून आलेला शब्द दंडाच्या पावतीपेक्षा लांब जातो. या काळात दाणे टप्प्याटप्प्याने कमी होऊ द्या, म्हणजे पक्षी एकदम उपाशी पडणार नाहीत. त्यानंतर पोत्यांवर दंड सुरू करा आणि तो वसूल करा. मुंबईत दंड ५०० रुपयांचा होता. मोटारीतून पोतं आणणाऱ्याला तो जाणवत नाही, तेव्हा पुन्हा-पुन्हा तेच करणाऱ्याला जास्त हवा. खुराडी ठेवून अंडी काढण्याचा प्रयोग निदान एका मोठ्या मैदानाजवळ करून बघता येईल.

दुसरी बाजू बांधकामाची, आणि तिच्याविषयी कुणी बोलतच नाही. नवीन इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना डक्टला वरून-खालून जाळी आहे का, एसीचे सज्जे बंदिस्त आहेत का, हे तपासा. सज्ज्याला ४५ अंशांहून जास्त उतार दिला की पारव्याला तिथे टेकता येत नाही. बांधतानाच केलं तर याला खर्च अगदी थोडा. सोलर हीटर बसवणाऱ्या कंपन्यांना पॅनेलखालची फट जाळीने बंद करायला लावा. आणि सैल, बारीक नायलॉनच्या जाळ्या विकण्या-बसवण्यावर निर्बंध घाला, म्हणजे आमचे दयाळ आणि बुलबुल वाचतील.

एक गोष्ट मात्र कृपा करून होऊ देऊ नका. विष, चिकट सापळे, गलोली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत कबुतर कुळाला संरक्षण देताना निळ्या पारव्याला वगळलेलं होतं, म्हणून काही जण समजतात की त्याला काहीही केलं तरी चालतं. चालत नाही. १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यालाही लागू आहे. शिवाय विष खाल्लेला पारवा शिक्रा खातो, घार खाते, रस्त्यावरचं कुत्रं खातं. मारून उपयोग होत नाही हे बाझलने पंचवीस वर्षं पाहिलं आहे. पारवा आपला शत्रू नाही. आपण त्याला कडे बांधून दिले, वर दाणे घातले, आणि तो वाढला.

नियम व्हायला वेळ लागेल हे मी समजते. पण एक काम उद्यापासून करता येण्यासारखं आहे. ज्या चौकांत दाणे टाकले जातात त्यांची यादी प्रत्येक वॉर्डच्या कार्यालयात असेल, नसेल तर पौरकार्मिकांना विचारा, त्या तासाभरात सांगतील. तिथे झाडण्याआधी पाणी मारायची सोय करा, म्हणजे धूळ उडणार नाही. त्या बायकांना पदराऐवजी एन-९५ मास्क आणि हातमोजे द्या, आणि वर्षातून एकदा त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करून घ्या. जयनगरच्या शेजारीच छातीच्या विकारांचं सरकारी रुग्णालय आहे. या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही, आपली एक सही पुरेशी आहे. ती आपण या महिन्यात करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
जयनगरची एक रहिवासी